हसऱ्या पाटलाचा दात

आमच्या शेजारचे डॉक्टर जाधव सकाळचा चहा झाला की गळ्यात पांढरा रुमाल अडकवतात, कपाळावर दिवा चढवतात, वजनाच्या यंत्रापुढे स्टुलावर बसतात आणि त्याला म्हणतात, "आ करा. मोठा. आणखी मोठा."

यंत्र अर्थातच काही करत नाही. ते ओतीव लोखंडाचं आहे, माणसापेक्षा उंच, आणि एकेकाळी एका सिनेमा थिएटरच्या दारात उभं असायचं. नाणं टाकलं की त्याचे दिवे फिरायचे आणि खालून वजनाचं तिकीट पडायचं. डॉक्टर त्याच्या नाणं टाकायच्या फटीत दात बघायचा छोटा गोल आरसा धरतात, वाकून आत बघतात, आणि विचारतात, "कधीपासून दुखतंय?"

मी हे पहिल्यांदा गच्चीवरून ऐकलं तेव्हा मला वाटलं, दवाखाना पुन्हा सुरू झाला. डॉक्टर दातांचे. समर्थनगरात घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि मी शाळेत असतानाच त्यांनी तो बंद केला. पण पाटी उतरवली नाही, दाताची खुर्ची हलवली नाही, अवजारंही कुणाला दिली नाहीत. जाधवकाकू गेल्या, मुलगी लग्न होऊन नांदेडला गेली, आणि रिकाम्या दवाखान्यात एकेक करून हे नवे पेशंट येऊन उभे राहिले. नाणं टाकल्यावर करमणूक करणारी जुनी यंत्रं. कुणी तिकीट द्यायचं, कुणी चित्रं दाखवायचं, कुणी लोखंडी गोळ्या खिळ्यांमधून खाली सोडायचं. आता बहुतेक जण काहीच करत नव्हते, म्हणून तर इथे आले होते.

मी त्या घरात गेले ती माझ्या हातामुळे. एकदा डॉक्टरांनी भिंतीपलीकडून माझ्याकडे जरा वेळ रोखून बघितलं. मी कपडे वाळत घालत होते. मग म्हणाले, "पोरी, तुझा हात बारीक हाय. इकडं ये."

मी सहसा कुणाकडे जात नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या आणि घरी इंग्रजी शब्द आला की आजोबा हसायचे, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली ती राहिलीच. पण डॉक्टरांनी नाव, शिक्षण, नोकरी, लग्न यांतलं काहीही विचारलं नाही. खिळ्यांच्या खेळाच्या पोटात एक गोळी अडकली होती. मी हात घातला, गोळी काढली, त्यांच्या स्टीलच्या ट्रेमध्ये टाकली. ते म्हणाले, "चूळ भरा." ते मला म्हणाले की यंत्राला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेले. जिथे सगळं बोलणं यंत्राशीच चालतं तिथे माझ्यासारखीची चांगली सोय होते.

त्यांच्याकडे बसायला जागा एकच, ती दाताची खुर्ची. पाहुणा आला की डॉक्टर त्याला खुर्चीत बसवतात, सवयीने पायाने खटका दाबून मागे झुकवतात आणि मग चहा देतात. त्या अवस्थेत चहा पिणं अवघड आहे. गावाकडचे एक जण अंगावर चहा सांडून घेऊन गेले ते परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना भूल द्यायला पायजे होती."

दुसरा नियम नाण्याचा. कुठलंही यंत्र फुकट चालवायचं नाही आणि ज्याचं त्याला नाणं द्यायचं. वजनाच्या यंत्राला जुनी चवली, खिळ्यांच्या खेळाला दहा पैशांचं. आणि कोपऱ्यातल्या चित्रांच्या पेटीला थेट निजामाच्या राज्यातलं हाली नाणं. पोलीस ॲक्शननंतर हाली बंद झालं, सगळीकडे हिंदुस्थानचं कलदार नाणं आलं, आणि त्या पेटीने जे तोंड मिटलं ते डॉक्टरांकडे येईपर्यंत उघडलं नाही. ही सगळी नाणी डॉक्टर कवळी भिजत घालायच्या वाटीत ठेवतात. पाहुण्याला वाटीतून नाणं मिळतं, खेळ झाला की डॉक्टर यंत्राचं पोट उघडून ते परत वाटीत टाकतात. कुणी शहाण्याने सुचवलं की फट थोडी रुंद केली तर हल्लीचा रुपया चालेल. डॉक्टर त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. "भाकरी मोठी झाली म्हणून तोंड फाडता का?"

एवढ्यावर डॉक्टर जाधव म्हणजे रिकामा वेळ असलेला विक्षिप्त म्हातारा, असं म्हणून सोडून देता आलं असतं. आमच्या गल्लीचं तेच मत होतं. माझंही होतं, हसरा पाटील येईपर्यंत.

हा पाटील समजण्यासाठी आधी सरूअक्का समजायला हव्यात. सरूअक्का म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण, करमाडला दिलेली. डॉक्टरांची आई लवकर गेली, तेव्हा देवगाव रंगारीच्या घरात भावाला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत पाठवण्यापर्यंत सगळं अक्कांनी केलं. आणि आता या बहीणभावांत कित्येक वर्षं एका शब्दाचं बोलणं नव्हतं. कारण दाढ.

अक्कांची दाढ दुखत होती. भाऊ डॉक्टर, म्हणून विश्वासाने करमाडहून आल्या, खुर्चीत बसल्या, आ केला. डॉक्टरांनी दाढ काढली. अक्का घरी पोचल्या, भूल उतरली, आणि दाढ पहिल्यासारखीच ठणकायला लागली. दुसऱ्या दिवशी परत आल्या. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. त्यांनी शेजारची काढली होती.

अशा वेळी माणूस दोन शब्द बोलून मोकळा होतो. डॉक्टर म्हणाले, "तीही काढावीच लागणार होती."

अक्का उठल्या, तोंडाला पदर लावला आणि करमाडच्या गाडीत बसल्या. दुखरी दाढ त्यांनी जालन्याला जाऊन दुसऱ्याच डॉक्टरकडून काढून घेतली आणि ही बातमी भावापर्यंत नीट पोचेल अशी व्यवस्था केली. तेव्हापासून अबोला. नात्यातल्या लग्नांत दोघं भेटतात, पंगतीत जवळ बसतात, पण बोलणं मधल्या माणसामार्फत. "त्या डॉक्टरला म्हणावं, जिलबी कमी खा, साखर हाय त्याला." डॉक्टरांनी ते ऐकलेलं असतं. तरी मधला माणूस निरोप सांगेपर्यंत ते जिलबी हातात धरून थांबतात.

मी एकदा विचारलं, "डॉक्टर, खरंच काढावी लागली असती ती?" एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच बोलले असेन. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा खाली ओढला आणि वजनाच्या यंत्राला आ करायला सांगितलं.

पाटील सापडला तो फर्दापूरला. रस्त्याकडेच्या एका बंद पडलेल्या खानावळीच्या मागे काचेची पेटी पडली होती आणि पेटीत माणसाएवढा लाकडी पुतळा. लाल फेटा, झुपकेदार मिशा, सुटलेलं पोट. नाणं टाकलं की आतली चावी मोकळी व्हायची, पुतळा पुढे-मागे डुलायचा आणि पोटातल्या भात्यातून हसायचा. डॉक्टरांनी त्याला लांबूनच ओळखलं. लहानपणी नवरात्रात देवगावची मंडळी कर्णपुऱ्याच्या जत्रेला यायची, पदमपुऱ्यात मामाकडे उतरायची. तेव्हा पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि जत्रेत सगळ्यात मोठी गर्दी हसऱ्या पाटलापुढे असायची. "बापू आम्हाला नाणं द्यायचे," डॉक्टर वडिलांची आठवण सांगायचे. "मी टाकायचो. पाटील हसायचा अन् अक्का हसून हसून खाली बसायची."

खानावळवाला पेटी द्यायला तयार होता, पण आत पाटलाच्या मांडीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तो म्हणाला, "हुसकतो तिला." डॉक्टर म्हणाले, "नको, तिचं होऊ दे." पिल्लं बाहेर पडेपर्यंत ते फर्दापूरच्या चकरा मारत राहिले, आणि घरी येऊन मला कोंबडीची तब्येत सांगत राहिले.

पाटील आला तेव्हा त्याचं धोतर खरवडताना खालून निळा रंग निघाला. मग पितळी बटणं निघाली. आमचा पाटील मुळात विलायतेचा खलाशी होता. कुण्या जत्रेवाल्याने त्याला धोतर रंगवलं होतं आणि फेटा बांधला होता. मला वाटलं डॉक्टर आता त्याला पुन्हा खलाशी करतील. डॉक्टर बराच वेळ विचार करून म्हणाले, "इतकी वर्षं हितं राहिला. आता हितलाच." आणि धोतराला नवा रंग दिला.

भात्यासाठी शहागंजहून हनीफभाईंना बोलावलं. हनीफभाई हार्मोनियम दुरुस्त करतात आणि डॉक्टरांचे जुने पेशंट आहेत. त्यांच्या तोंडातली सगळी चांदी डॉक्टरांनी भरलेली. त्यांनी भात्याला नवं चामडं लावलं, चावी दिली, आणि पाटील हसला. हसता हसता मध्येच थांबला. मग धक्का बसल्यासारखा पुन्हा एकदा हसला.

हनीफभाई कान लावून म्हणाले, "भाता बराबर हाय, डॉक्टरसाब. इसका दात टुटेला है. मोठ्या चाकाचा. तिथं आलं की चाक घसरतं, मग पुढचा दात धरतो. रहने दो ना, हंस तो रहा है."

"दात पडलेला पेशंट मी तसाच परत पाठवू, हनीफभाई?"

"मर्जी आपकी. आपने तो अच्छे अच्छे दात भी निकाले हैं."

डॉक्टरांनी ते चाक सोडवलं. मग ते घेऊन स्वतः दातांच्या लॅबमध्ये गेले, माप दिलं, आणि दातांवर टोपी बसवतात त्या धातूचा नवा दात ओतून आणला. तो इतका बेमालूम बसला की फक्त चकाकीवरून ओळखू यायचा. पाटील आता न अडखळता हसायचा. एकसारखं, भरघोस, सुरात. मी डॉक्टरांना इतकं खूश कधीच बघितलं नव्हतं. ते स्टुलावर बसले, रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरी, करमाडला फोन लाव."

मी कुणालाही फोन लावत नाही. गॅसचा नंबरसुद्धा आई लावते. पण डॉक्टर तरी कसे लावणार. मी नंबर फिरवला आणि ते माझ्या शेजारी फोनला कान लावून उभे राहिले.

"कोन बोलतंय?"

"मी... डॉक्टर जाधवांच्या शेजारची."

"गेला का तो?"

"नाही, नाही. चांगले आहेत."

"मग कशाला फोन केला?"

"हसरा पाटील सापडलाय."

पलीकडे मागे कुणीतरी म्हशीला हाकत होतं. मग आवाज जरा बदलला. "कर्णपुऱ्याचा?"

"हो."

"हसतो का अजून?"

"हसतो. डॉक्टरांनी दुरुस्त केलाय."

"बघू," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" डॉक्टरांनी विचारलं. सगळं ऐकलेलं असूनही.

"बघू म्हणाल्या."

ते दिवसभर 'बघू' या शब्दावर विचार करत असावेत, कारण संध्याकाळी भिंतीपलीकडून म्हणाले, "बघू म्हणजे येनारच. नसतं यायचं तर नाय म्हनली असती. ती लई सरळ हाय बोलायला." त्यानंतर ते रोज पाटलाच्या काचा पुसत. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली की हातातलं टाकून उभे राहत, आणि ती दुसऱ्याकडची निघाली की पुन्हा बसत. अक्का आल्या नाहीत तर त्यांना पुन्हा बोलवायला दुसरं काही सापडणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

अक्का एका गुरुवारी आल्या. काटक, उंच, हातात शेंगांची पिशवी. दारातून आत आल्या, भावाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "तूच का फोनवाली? त्याला म्हणावं, पानी दे."

डॉक्टर पाणी घेऊन आले. अक्का प्याल्या. "त्याला म्हणावं, लावा तुमचा पाटील."

डॉक्टरांनी वाटीतलं नाणं त्यांच्यापुढे धरलं. अक्कांनी ते उचललं, उलटसुलट करून बघितलं, फटीत टाकलं. पाटील डुलायला लागला. हसायला लागला. एकसारखा, सुरात, शेवटपर्यंत. मग थांबला.

मी अक्कांकडे बघत होते. त्या आधी पुढे झुकल्या होत्या. मग हळूहळू मागे सरल्या, आणि पाटील थांबला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं.

"ह्यो आपला पाटील नव्हं," त्या मला म्हणाल्या. "कुटून तरी दुसराच आनलाय त्यानं." आणि शेंगांची पिशवी खाली ठेवून चपला शोधायला लागल्या.

"तोच हाय, अक्का." इतक्या वर्षांत डॉक्टर पहिल्यांदा मधल्या माणसाशिवाय बोलले. "फेटा बघ. मिशी बघ."

"मिशीचं काय घेऊन बसलास. तो मधी थांबायचा." चिडून त्याही सरळ भावाशीच बोलल्या. "थांबला की लोकांना वाटायचं, झालं. समदे निघून जायचे. आपन दोघंच राहायचो. मग तो हसायचा. तेवढं हसू आपलं असायचं."

"आपन नाणं टाकायचो की. बापू द्यायचे."

"बापूकडं कुठलं नाणं? त्या साली हाली चालंना अन् कलदार हाताला लागंना. पैसा टाकायचे दुसरे. मी तुला कडंवर घेऊन मागं उभी राहायची. समदे गेल्यावर उरलेलं हसू आपल्याला. तू लहान होतास. तुला वाटायचं, आपनच टाकला पैसा."

मी नाण्यांच्या वाटीकडे बघत राहिले. अशा वेळी कुठे बघावं ते मला कधीच कळत नाही.

डॉक्टर उठले. त्यांनी पाटलाची पाठ उघडली, भात्याखालचं मोठं चाक सोडवलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. मग खुर्चीकडे हात केला. "बस अक्का."

अक्कांनी खुर्चीकडे बघितलं. ती तीच खुर्ची होती. तरी त्या बसल्या. डॉक्टरांनी पायाने खटका दाबला नाही. दिवा ओढला, स्टूल जवळ घेतलं, पक्कड हातात घेतली, आणि चाक अक्कांच्या पुढ्यात धरलं.

"कोणता?"

चाकावर एकच दात नवा होता, लखलखीत. आंधळ्यालाही सापडला असता. अक्का भावाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्या दातावर बोट ठेवलं. "ह्यो."

"नक्की?"

"ह्योच."

"नीट बघून सांग, अक्का. घाई नाय."

"ह्योच हाय रे," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काढ."

डॉक्टरांनी तो काढला. इतका सुंदर बसवलेला दात काढायला वेळ लागला. मग चाक बसवलं, नाणं टाकलं. पाटील हसला. मध्येच थांबला. मी नकळत दाराकडे वळले, खेळ संपला असं समजून. माझ्या पाठीमागे पाटील पुन्हा हसला, आणि त्याच्याबरोबर अक्का. तोंडाला पदर लावायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. मागच्या दाढा नसलेलं, खळखळून हसणं. डॉक्टर स्टुलावर बसून पाटलाकडे न बघता बहिणीकडे बघत होते.

चहा झाला, शेंगा सोलल्या गेल्या, देवगावच्या विहिरीपासून करमाडच्या सुनांपर्यंत सगळं बोलून झालं. मग अक्का घड्याळाकडे बघून उठल्या. डॉक्टरही उठले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, पाटलाच्या पाठीत घातला, थोडा फिरवला आणि कान लावला. चेहरा गंभीर केला.

"अक्का, ह्याचं अजून नीट बसलं नाय. दोन-तीन सिटिंग लागतील."

अक्कांनी पाटलाकडे बघितलं, मग स्क्रूड्रायव्हरकडे. "डॉक्टर म्हनतोय म्हंजे यावंच लागंल," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येते. बाजारच्या दिवशी नको, गाडीला लई गर्दी असती."

डॉक्टर कोपऱ्यापर्यंत जाऊन त्यांना रिक्षात बसवून आले. परत आले तेव्हा मी कप उचलत होते. मी विचारलं, "पाटलाचं काय राहिलंय आता?"

"काय नाय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाटलाची पाठ पुन्हा उघडली, दिवा कपाळावर चढवला आणि आत वाकले. "बघतो, गुरुवारपर्यंत काय बिघडवता येतंय ते."